बरा झालेला मासा

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत माशांना आजारी पाडते. बोटाच्या पेराएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. त्यांना असं काही टोचायचं, की शरीराची राखण करणाऱ्या पेशी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात आणि मासा धड पोहेनासा होतो. मग त्याच्यावर औषधं करून बघायची. माझ्या थोरल्या भावाला याच जातीचा आजार झाला, म्हणून मी हे काम धरलं. गावाकडं लोक विचारतात, मासे राखायला एवढं शिकलीस का? मी हो म्हणते. वाद घालायचा मला कंटाळा आहे.

दादाची पाटोद्याजवळ मेंढरं आहेत. पाय बधिर झाल्यापासून तो बाजेवर बसून हाका मारतो आणि वहिनी पळते. आजार समजावून सांगितला तेव्हा तो म्हणाला होता, "म्हंजी कुंपणानंच शेत खाल्लं." इंजेक्शनं चालू आहेत, त्यांनी दुखणं वाढायचं थांबतं, गेलेलं परत येत नाही. तरी कुणी मेंढरं विकायचं नाव काढलं की दादा म्हणायचा, "भईन औषध काढतीय. थांबा जरा."

यंदा दिवाळीला त्याला मोबाइलवर एक मासा दाखवला. आधी तळाशी कलंडलेला, औषधानंतर सरळ पोहणारा. दादानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. त्याचा उजळलेला चेहरा बघून मला भीती वाटली. मासे मारून मारून काही वाटेनासं झालं होतं, बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

"देवाच्या नावानं सोडला आसंल ह्याला," तो म्हणाला.

आमच्या घरी मरता मरता वाचलेलं मेंढरू विकत नाहीत, कापत नाहीत. म्हातारं होऊन मरेपर्यंत ते कळपात चरतं.

"न्हाई दादा, मारला. आतून बरा झाला का, ते कापूनच बघावं लागतं."

"आगं बाई," वहिनी म्हणाली.

दादानं व्हिडिओ थांबवला. "मंग? झालता का आतून बरा?"

"झालता."

"मंग माणसाला कवा देणार?"

खोटं बोलणं सोपं होतं. "माशाच्या तंतूंवरचं आवरण लवकर भरून येतं. माणसाचं तसं येत न्हाई. अजून लई बघायचं हाय. तुला मिळंल का, मला ठाव न्हाई."

त्यानं मोबाइल परत दिला आणि वहिनीकडं वळला. "मेंढरांना गिऱ्हाईक बघ. आता माझ्यानं व्हत न्हाई."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी उठून जेवणाची ताटं वाढायला घेतली.