मागचे पाय

सम्मक्काची जीभ तिखट, हे हैदराबादच्या त्या संशोधन संस्थेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. वरंगळकडची, सातवी शिकलेली बाई. बावीस वर्षं प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळत होती. उंदीर शेपटीने उचलला की त्याचं काय बिनसलंय ते तिला लगेच कळे; धडधाकट उंदीर तसा उचलला की मागचे पाय फाकवतो.

त्या वर्षी क्षयावरच्या नव्या औषधाचे प्रयोग चालू होते. पाचव्या आठवड्यात तिने औषधाचे उंदीर उचलले, तर बारांपैकी सात जण मागचे पाय फाकवायचे सोडून पोटाशी आवळून घेऊ लागले. पीएचडी करणाऱ्या प्रवल्लिकाने ते वहीत टिपलंही. पण अहवाल आला, त्यात पायांचा उल्लेखच नव्हता.

सम्मक्का तडक प्रयोगाच्या प्रमुखांच्या खोलीत घुसली.

"वेणुगोपाल सार, अहवालात माझे सात उंदीर कुठे गेले?"

"अगं, पिंजऱ्यातला भुसा ओला असेल. गारठले असतील."

"भुसा मी बदलते. ओला असेल तर लिहा, सम्मक्का कामचुकार आहे म्हणून. पण पायांचंही लिहा!"

"सातवी पास तू, मला औषध शिकवतेस?"

"पुढच्या महिन्यात हे माणसांना देणार ना? खोकला घेऊन आलेल्याला लंगडा करून घरी पाठवायचा?"

बाहेर प्रवल्लिकाने तिचा हात धरला. "अक्का, सोड ना. माझी पदवी अडकेल."

"अडकू दे! लाज नाही वाटत?" सम्मक्काने हात झटकला.

गुरुवारी माणसांवरच्या चाचणीला मंजुरी द्यायला बाहेरच्या तज्ज्ञांची समिती आली. बैठक ऐन रंगात असताना सम्मक्का पिंजरा घेऊन आत शिरली आणि चहाच्या कपांमध्येच तो ठेवला. "काय हा तमाशा!" वेणुगोपाल ओरडले. तिने ढुंकूनही न बघता एकेक उंदीर शेपटीने उचलून त्याचे आवळलेले पाय दाखवले. समितीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा चढवला. "मूळ नोंदवही कुठाय?"

प्रवल्लिका उठली आणि तिने वही पुढे केली.

माणसांवरची चाचणी थांबली. उंदरांच्या तपासणीत औषधाने पायांच्या नसाच खराब झालेल्या निघाल्या. सम्मक्काला मात्र शिस्तभंगाबद्दल काचेची भांडी धुवायला बसवलं.

पुढे एका परिषदेत वेणुगोपालांनी भाषण केलं: धोका आम्ही वेळीच ओळखला. प्रवल्लिकाने ते येऊन सांगितलं, तेव्हा सम्मक्काने हातातला ब्रश मोरीत आपटला.

"आम्ही म्हणे! एक उंदीर तरी उचललाय का कधी त्या माणसाने?"