दवंडीतलं कारण

शिरूर नगरपालिकेच्या दवंड्या मी लिहायचो आणि पालिकेचा दवंडीवाला हलगी वाजवत गावभर सांगायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलं की पाठ. त्या साली मुंबईच्या सरकारनं बजेटात आमचं अनुदान कापलं, म्हणून पालिकेनं घरपट्टी वाढवली. साहेबांच्या हुकमानं मी फक्त वाढ लिहिली.

"पर वाढली कशापायी?" त्यानं विचारलं.

मी कारण सांगितलं आणि बजावलं, "मामा, कागदात आहे तेवढंच बोला."

पहिल्याच चौकात तो कानावर हात ठेवून ओरडला, "मुंबईनं अनुदान कापलं हो, म्हनून घरपट्टी वाढली!"

संध्याकाळी मी जाब विचारला. हलगी खुंटीला अडकवत तो म्हणाला, "कागद तुमचा, भाऊसाहेब. पर गावाला तोंड माझं दिसतं."

पुढची दवंडी मी कारणासकट लिहिली.