काटेवालीचा पाय

मामीच्या घरात नुसतं ‘पुस्तक’ म्हटलं की ते एकच. कपाटात बाकीची होती, पण त्यांना त्यांच्या नावानं हाक मारावी लागायची. “पुस्तक कुठे ठेवलंय?” असं मामीनं विचारलं की मामा उशीखालून ती जाड, कोपरे झिजलेली कादंबरी काढून द्यायचा. आपणही ती पूर्ण वाचल्याचं तो सांगत असे. खरं म्हणजे तिसऱ्या प्रकरणापर्यंत जाऊन त्याला दर वेळी झोप लागायची, आणि हे मामीला ठाऊक होतं.

मी मामाची भाची. नोकरी लागली तेव्हा या शहरात माझं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे राहायला आले ते राहिलेच. घर वर, आणि खाली मामीचं दुकान. जुने सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं नव्यानं मढवून देण्याचं काम ती करते. दुकानात फोमचे ढीग, रेक्झिनच्या गुंडाळ्या, उघड्या पडलेल्या स्प्रिंगा आणि मधोमध उलटी टाकलेली कुणाची तरी आरामखुर्ची. कापड ठोकायच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ती ओठांत धरते आणि एकेक काढून ठोकत जाते. “तोंडात एवढ्या चुका असून बोलण्यात एक सापडत नाही,” असं मामा म्हणतो. ते कौतुक आहे की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही.

मामीचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओनं बारीक आणि आखूड राहिलाय. एका बुटाचा तळ जाड करून घेतलाय, तरी चालताना ती एका बाजूला झुकते. तशी झुकतच ती बाजारात माझ्या दहा पावलं पुढे असते आणि वळून म्हणते, “चल गं, मेंदी लावलीय का पायाला?”

तर ते पुस्तक. हमरस्त्याच्या नाक्यावर एक वजनकाटा आहे आणि तो चालवणारी एक बाई आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचं वजन करायचं, चिठ्ठी फाडायची, खोटेपणा पकडायचा. सगळे तिला काटेवाली म्हणतात. पन्नाशीला आलेली, तिखट जिभेची. एका ड्रायव्हरवर तिचं मन बसतं, तोच नेमका वजनात फसवतो, आणि ती त्याचा ट्रक अडवते. एवढीच गोष्ट. ही काटेवाली लंगडते. का लंगडते, ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. ती लंगडत उठते, लंगडत शिव्या देते, लंगडत प्रेमात पडते.

मामीनं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिचं लग्नही झालेलं नव्हतं. त्यानंतर किती वेळा वाचलं, ते तिलाही सांगता येणार नाही.

या पुस्तकावर मालिका येणार अशी बातमी आली, तेव्हा मामीला आधी आनंद झाला. फोनवर या पुस्तकाच्या वाचकांचा एक ग्रुप होता. एक निवृत्त पोस्टमास्तर तो चालवत आणि स्वतःला त्याचे अध्यक्ष समजत. एरवी तिथे आठवड्याला एखादा निरोप यायचा. आता पूर आला. काट्याची खोली हिरवीच हवी. ड्रायव्हरला मिशी नको. शेवट बदलला तर याद राखा. कुणी लिहिलं, मालिका उत्तम होणार. कुणी लिहिलं, वाट लागणार. दोघांपैकी कुणाकडेही काडीचा पुरावा नव्हता. मामी सोफ्याची शिवण अर्धी सोडून उत्तरं लिहीत बसायची आणि गिऱ्हाइकं मामाला गाठायची.

“त्यांना म्हणावं, शुक्रवारी,” मामी वर न बघता सांगायची.

“मागच्या शुक्रवारीही शुक्रवारीच सांगितलं होतं,” मामा म्हणायचा.

मग मालिकेची पहिली झलक आली. आम्ही तिघं जेवायच्या टेबलाशी बसून फोनवर बघत होतो. नटी पंचविशीची होती. केस मोकळे सोडून ती हमरस्त्यावरून धावत आली. ट्रकच्या पायरीवर उडी मारून चढली, तिथून खाली उडी मारली आणि पुन्हा धावली.

मामीनं ते परत लावलं. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

“धावतेय,” ती म्हणाली.

“दिसायला बरी आहे पण,” मामा म्हणाला. त्यानं ते म्हणायला नको होतं.

ग्रुपवर सगळे वयावर, केसांवर, कपड्यांवर तुटून पडले होते. पायाबद्दल एकानंही लिहिलं नव्हतं. मामीनं लिहिलं. त्यावर पोस्टमास्तरांचं उत्तर आलं, की हा मुद्दा तसा किरकोळ आहे, तरी यादीत घेऊ. मामीनं त्या संध्याकाळी अशी काही हातोडी चालवली, की वर कपाटातल्या बशा हलत होत्या.

शेवटी ग्रुपनं ठरवलं, लेखिकाबाईंना भेटून गाऱ्हाणं घालायचं. सगळ्यांना जायचं होतं, पण दिवस ठरला तेव्हा एकाची कंबर धरली, दुसऱ्याकडे पाहुणे आले, आणि अध्यक्षांना ऐनवेळी सर्दी झाली. राहिली मामी. मामानं दुकानाचा टेम्पो काढला. मी रजा टाकली, कारण हे दोघं एकटे गेले तर वाटेतच भांडून परत येतील याची मला खात्री होती.

लेखिकाबाईंनी स्वतःच दार उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, बारीक, कानाला यंत्र. घरात पुस्तकं कमी आणि कुंड्या जास्त. टीव्ही चालू होता आणि त्यावर दुसरीच कुठली तरी सासू दुसऱ्याच कुठल्या तरी सुनेला घराबाहेर काढत होती. आम्ही बसलो तरी बाईंनी तो भाग संपेपर्यंत आवाज कमी केला नाही.

“तुम्ही मालिकेबद्दल आलात ना? छान होणार आहे,” त्या म्हणाल्या. “मुलगी गोड आहे. माझ्या पाया पडून गेली.”

मामी ताठ बसली होती. “ती काटेवाली लंगडत नाही.”

“हो, त्यांनी विचारलं मला. मी म्हटलं काढून टाका. रोज अर्धा तास लंगडायचं म्हणजे त्या पोरीच्या कमरेची वाट लागेल.”

“पण ती लंगडते.”

“अहो, मी एका नाक्यावर तशी बाई पाहिली होती, म्हणून तसं लिहिलं. त्यात काही अर्थ नव्हता.”

“अर्थ नव्हता म्हणूनच मला आवडलं,” मामी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणून मला जास्त भीती वाटली. “आजवर मी वाचलेल्या गोष्टींत लंगडा माणूस एक तर दुष्ट असतो, नाही तर बिचारा असतो, नाही तर शेवटच्या पानावर चालायला लागतो. तुमची काटेवाली नुसती लंगडते. तिचा पाय तिच्या अंगाखाली आहे, गोष्टीच्या डोक्यावर बसलेला नाही. तशी दुसरी बाई मला कुठल्याच पुस्तकात भेटली नाही. आणि ती तुम्ही कमरेच्या काळजीनं काढून टाकलीत.”

बाईंनी टीव्ही बंद केला. मामी दारातून खुर्चीपर्यंत कशी चालत आली होती, हे त्यांना बहुतेक तेव्हा आठवलं. त्या जरा ओशाळल्या.

“हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “परीक्षणं लिहिणाऱ्यांनी तर त्या पायाला अख्ख्या समाजाचं प्रतीक करून टाकलं होतं. मला वाटलं, गेला तर बरं, निदान ती कटकट जाईल.” मग म्हणाल्या, “मी बोलून बघते त्यांच्याशी. ऐकतीलच असं नाही.”

परत येताना मामानं अर्ध्या वाटेवर हळूच विचारलं, “मग शेवटी तो ड्रायव्हर पकडला जातो का गं?” मामीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढे घरापर्यंत त्यानं फक्त गाडी चालवली.

मालिका सुरू झाली. सुरुवातीचे भाग काटेवाली धावतच होती, पण मग मालिकावाल्यांचा निरोप आला, की वाचकांच्या भावनांचा मान राखून नायिकेचा पाय अधू दाखवण्यात येणार आहे. ग्रुपवर पोस्टमास्तरांनी लिहिलं, “आपला विजय झाला.” लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली. मामीनं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि टीव्हीसमोर येऊन बसली.

एका खलनायकानं काटेवालीला ट्रकसमोर ढकललं. हे ढकलणं तीन दिवस चाललं, कारण ती पडत होती ते अगदी संथ होतं. मग दवाखाना. मग ड्रायव्हर दवाखान्याच्या भिंतीवर डोकं आपटतो. मग काटेवाली लंगडायला लागली, आणि ती लंगडली की मागे व्हायोलिन वाजे. कधी डाव्या पायानं, कधी उजव्या. शेजारणी तिच्याकडे बघून डोळे पुसत. ती स्वतः आरशाशी बोले, “आता माझं काय उरलं?”

“भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं हे,” मामी म्हणाली. “धावत होती तेच काय वाईट होतं?”

त्यात मालिका गाजली. लोक मामीला रस्त्यात थांबवू लागले. इतकी वर्षं ज्यांना तिचा पाय दिसत असूनही दिसत नव्हता, त्यांना तो आता नीट दिसायला लागला. “अगदी त्या काटेवालीसारखं,” कुणी म्हणे, आणि मान तिरकी करून हळहळे. पुढे काटेवालीचं ऑपरेशन झालं. परदेशातून डॉक्टर आला. ती दवाखान्याच्या व्हरांड्यातून चालत निघाली, दोन्ही बाजूंना परिचारिका टाळ्या वाजवत होत्या, ड्रायव्हर टोकाला हात पसरून उभा. मामीनं तो भाग पूर्ण पाहिला आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेली होती. तिनं ती पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या घेऊन आलेली एक बाई फार मायेनं म्हणाली, “आता सगळं होतं हो. तुम्ही का नाही करून घेत?”

मामीच्या ओठांत चुका होत्या. तिनं त्या एकेक करून तळहातावर काढल्या. मी जिन्यात उभी होते. मला वाटलं, आता या बाईचं काही खरं नाही.

“खुर्च्या शनिवारी मिळतील,” मामी म्हणाली.

तेवढंच. पण त्याच आठवड्यात बेकरीवाल्यानं एका हाडांच्या डॉक्टरांचं कार्ड आणून दिलं, आणि समोरच्या आजींनी आपला भाचा मोठ्या दवाखान्यात असल्याचं सांगितलं. आपल्या मागणीमुळे हे सगळं झालं, हा राग मामीला सगळ्यात जास्त होता. तिनं ग्रुप सोडला. पोस्टमास्तरांनी कारण विचारलं, तर म्हणाली, “सर्दी झालीय.”

आणि मग एक दिवस चहाच्या वेळी फोन वाजला. लेखिकाबाई होत्या. मामीनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, कारण हातात अर्धी कापलेली गादी होती.

“बघितलंत?” बाईंनी विचारलं.

“बघितलं.”

“ते ऑपरेशन त्यांनी मला न विचारता केलं हो.”

मला दिसत होतं, हा राग तिनं कितीतरी दिवस सांभाळून ठेवला होता आणि आता तो कुणावर काढावा, हे तिला सुचत नव्हतं.

“मला लाज वाटली,” बाई म्हणाल्या. “ती कशी चालत होती आठवा, आणि वर त्या टाळ्या. मेल्यांना काही लाज आहे का?”

“आणि पाय तरी एकच धरायचा ना,” मामीनं कात्री खाली ठेवली. “काल डावा, आज उजवा.”

“तो माझाही गोंधळ झाला होता म्हणे पुस्तकात.”

“नाही झाला. शेवटपर्यंत डावाच आहे.”

“खरंच? बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. मामीही हसली, पण लगेच आवरलं तिनं. अजून माफ करायचं ठरलेलं नव्हतं.

त्यानंतर मालिकेचा भाग संपला की फोन यायला लागला. दोघी मिळून त्या भागाची जी चिरफाड करतात, ती मालिकेपेक्षा किती तरी चांगली असते. बाईंना शिव्या येतात, अगदी ट्रक ड्रायव्हरांच्या तोंडच्या. त्या त्यांनी लिहिताना जमवल्या असाव्यात. एकदा मामानं ताटलीवर चमचा वाजवत विचारलं, “एवढा संताप होतो, तर दोघी बघता कशाला?”

मामीनं फोनवर हात धरला. “न बघता शिव्या कशा देणार?”

मालिका अजून चालू आहे. काटेवालीनं आता वजनकाटा सोडून शहरात कपड्यांचं मोठं दुकान काढलंय आणि ड्रायव्हरला एक जुळा भाऊ निघालाय. फोनच्या वेळेत जेवण मिळत नाही म्हणून मामा स्वयंपाक शिकला. भाजी करपते. ती खाताना मामी काही बोलत नाही, कारण तेवढ्यात तिला पलीकडच्या बाईंचं ऐकायचं असतं.