हार्टमुटचा झाडणीचा तक्ता

हार्टमुट ब्रेंडले माझ्या डोक्यावर राहतो, म्हणजे पहिल्या मजल्यावर. मी तळमजल्यावर आहे. दुसऱ्या मजल्यावर एक शिक्षक जोडपं राहतं, ती दोघं जिना पुसताना कोपरे सोडतात, एवढं त्यांच्याबद्दल सांगितलं तरी पुरे. या तीन बिऱ्हाडांच्या घरात मी एकेचाळीस वर्षं काढली. त्यातली तेहतीस नवऱ्याबरोबर, आणि एबरहार्ट गेल्यापासूनची आठ एकटीने.

हार्टमुट सरकारी नोकर. दुकानादुकानांतून हिंडून वजनकाटे तपासतो. खाटकाचा काटा चार ग्रॅम जास्त दाखवतो असं निघालं की त्या दिवशी याला जेवण जात नाही. एकोणपन्नास वर्षांचा, सरळ, नीटनेटका माणूस. पण बोलण्यात इतका कंजूष की आम्हा श्वाबियन, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या, लोकांनाही ते जाणवतं, आणि आम्ही काही बडबडे म्हणून प्रसिद्ध नाही. त्याची पहिली बायको दहा वर्षांपूर्वी निघून गेली. तेव्हा जिन्यात भेटून मला म्हणाला, "हेफेलेबाई, यापुढे माझा कचरा कमी निघेल." झालं. घटस्फोटाबद्दल मी ऐकलेलं एवढंच.

असा माणूस गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम करायला इस्पितळात गेला आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईच्या प्रेमात पडला. बाईचं नाव तामुना. काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जियाची, एकेचाळीस वर्षांची, हसली की तळघरापर्यंत ऐकू जाणारी. पहिल्याच भेटीत तिने मला मावशी म्हटलं. मी सांगितलं, माझं नाव फ्राऊ हेफेले आहे. ती म्हणाली, हो मावशी. मग मीही नाद सोडला.

त्यांचं कसं जुळलं हे देवाला ठाऊक, पण कसं अडखळत चाललं होतं हे मला ठाऊक आहे. दर शनिवारी तामुना माझ्याकडे कॉफीला बसायची आणि सगळं सांगायची. मी विचारायचेच नाही. फक्त केक जरा मोठा कापायचे.

पहिल्यांदा दोघं बाहेर जेवायला गेली तेव्हा वेळ सातची ठरली होती. हार्टमुट पाच मिनिटं आधी पोचला आणि सात वाजेपर्यंत दाराबाहेर थंडीत उभा राहिला, कारण लवकर आत जाणं हेही चुकीचंच. तामुना आली पावणेआठला. तोवर याचं सूप पिऊन झालं होतं. त्याने तिला दोष दिला नाही, फक्त सूप कितपत गरम होतं ते सांगितलं. पुढे त्याच्या वाढदिवसाला तिने हौसेने आदल्या दिवशीच शुभेच्छा दिल्या, तर हा पांढराफटक पडला. आमच्याकडे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिल्या की अपशकुन होतो. चर्चमध्ये न जाणारा, प्रमाणित वजनांखेरीज कशावरही विश्वास नसलेला हा माणूस, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जिना जपून उतरत होता.

पलंगाचंही तसंच. पलंग एक, पण पांघरुणं दोन. तामुनाला वाटलं, भांडण झालंय आणि आपल्याला कळलेलंच नाही. मी म्हटलं, अगं, मीही तेहतीस वर्षं वेगळ्या पांघरुणात झोपले. तिने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला राग आला.

तिच्या गावाकडे म्हणे जेवायला बसलं की पेला उचलून एकेकाच्या नावाने भाषण करतात. आईच्या नावाने, मेलेल्यांच्या नावाने, शेजाऱ्यांच्या नावाने. एकदा तिने हार्टमुटच्या नावाने पेला उचलला आणि दहा मिनिटं बोलली. आपल्याला तो का आवडतो, त्याचे हात कसे आहेत, तो नसता तर हा देश तिला किती थंड वाटला असता. डोळे पुसून ती खाली बसली. आता त्याने बोलायचं होतं. हार्टमुट उभा राहिला, पेला उचलला, "प्रोस्ट" म्हणाला आणि बसला.

दोन वर्षं झाली तरी ती शुक्रवारी यायची आणि सोमवारी इस्पितळाजवळच्या आपल्या भाड्याच्या खोलीत परत जायची. इथे राहायला ये, असं तो कधी म्हणाला नाही. आणि ते ऐकायला ती अगदी आसुसली होती.

अशात नोव्हेंबरात तिला ब्रेमेनच्या एका मोठ्या इस्पितळातून नोकरीचं बोलावणं आलं. हुद्दा वरचा, हाताखाली सहा माणसं. उत्तर डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. तिने ते पत्र हार्टमुटपुढे ठेवलं आणि वाट पाहिली. नको जाऊस, एवढे दोनच शब्द तिला हवे होते. ते आले असते तर ब्रेमेन तिने त्याच क्षणी विसरलं असतं.

हार्टमुटने पट्टी घेतली, कागदावर मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला जाण्याचे फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे लिहिले. सात विरुद्ध पाच असं ब्रेमेन जिंकलं. तोट्यांत पाचव्या नंबरवर लिहिलं होतं: "हार्टमुट, ६३० किलोमीटर." खाली बेरीज करून तो तिला म्हणाला, "निर्णय तुझा आहे."

तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. "मावशी, आमची ताटातूट ही याच्या लेखी पाचव्या नंबरची अडचण आहे," म्हणाली आणि रडायला लागली. आम्हाला रडणाऱ्या माणसाला काय द्यावं ते शिकवलेलं नाही. मी केक दिला.

आता तक्त्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे जिना, तळघराचा बोळ आणि घरापुढचा फुटपाथ दर आठवड्याला एक बिऱ्हाड झाडतं आणि पुसतं. ज्याचा आठवडा, त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते, म्हणजे कोपऱ्यात धूळ दिसली तर कोणाला बोलायचं ते सगळ्यांना कळतं. आमच्या घरात तर त्याहून कडक शिस्त: तक्त्यात बिऱ्हाडाचं नाही, माणसाचं नाव असतं. ही पद्धत एबरहार्टची. तो असेपर्यंत पुढच्या वर्षाचा तक्ता तोच करायचा. आता हार्टमुट करतो आणि ख्रिसमसच्या आधीच्या चौथ्या रविवारी, बरोबर अकरा वाजता, जिन्याखाली लावतो.

त्या रविवारी साडेअकराला माझ्या दारावर थाप पडली. तामुना उभी होती, अंगात कोट, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात तक्ता. भिंतीवरून चक्क उपटून आणला होता. एकेचाळीस वर्षांत कोणी त्या तक्त्याला हात लावला नव्हता.

"बघा," ती म्हणाली. "राहा म्हणत नाही. प्रेम आहे म्हणत नाही. पण माझं नाव कुठे लिहिलंय बघा. जिना पुसायला. आठवड्याचे तीन दिवस मी इथे पाहुणी, आणि मला न विचारता याने हातात फडकं दिलं. मी आजच ब्रेमेनला होकार कळवते."

मी चष्मा लावला. खरंच होतं. ब्रेंडलेच्या खाली तामुनाचं नाव, तेही वर्षभर. ती बोलत राहिली, पण माझं लक्ष उडालं होतं, कारण मला तक्त्यात चूक दिसली होती. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तिच्या प्रेमापेक्षा त्या चुकीचीच जास्त काळजी वाटली.

"थांब," मी म्हटलं. "हे चुकलंय. तुमच्या मजल्याचा आठवडा आला की एकदा तो, एकदा तू, असं चाललंय. मग एप्रिलअखेर तू हवीस. तिथे त्याने स्वतःलाच घातलंय. ऑक्टोबरच्या मध्यावरही तेच. तुझे आठ व्हायला हवेत, सहाच आहेत. हार्टमुट अशी चूक करत नाही."

"एप्रिलमध्ये कुठला आठवडा?"

मी बोट ठेवलं. ती वाकली. मग तिने बॅग खाली ठेवली.

"तो आमचा ईस्टर आहे," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा उशिरा येतो. दर वर्षी वेगळ्या तारखेला. मी त्याला पुढच्या वर्षीची तारीख सांगितलेली नाही."

"आणि ऑक्टोबर?"

"माझ्या भावाकडे द्राक्षांची तोडणी असते." ती खुर्चीत बसली. "मी एकदाच बोलले होते. पहिल्या वर्षी. गुडघा वाकवताना."

मी जिन्यात जाऊन हार्टमुटला हाक मारली. तो घरातल्या चपला घालून खाली आला. आधी त्याने भिंतीवरची रिकामी जागा पाहिली, मग तामुनाची बॅग. कशाने जास्त घाबरला ते मी सांगू शकत नाही.

"तू मला राहा का म्हणाला नाहीस?" तामुनाने विचारलं.

त्याने पायातल्या चपला एका रेषेत आणल्या. मग म्हणाला, "मी म्हणालो असतो तर तू राहिली असतीस."

"मग?"

"मग काट्यावर माझं बोट असतं. वजन खरं आलं नसतं."

"आणि हा तक्ता?"

"तक्ता आज लावायचाच असतो," हार्टमुट म्हणाला. "तुझ्या नावाशिवाय लिहायला घेतला होता. तो माझ्याच्याने लावला गेला नाही." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, करून ठेवलाय. तू ब्रेमेनला गेलीस तर असावा म्हणून. वर टेबलावर आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. या माणसाने प्रेमाची कबुलीसुद्धा दोन प्रतींत तयार ठेवली होती. पण तामुना हसायला लागली, ते तळघरापर्यंत ऐकू जाणारं हसू, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. "तो दुसरा घेऊन ये," ती म्हणाली. "माझ्यासमोर फाड."

त्याने तो आणला आणि फाडला, चार सारख्या तुकड्यांत. मग ते कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला तो अंगणात गेला, आणि तामुना कोट न काढताच त्याच्यामागे धावली. ब्रेमेनला सोमवारी नकार गेला.

ती दोघं वर गेल्यावर तक्ता मी पुन्हा भिंतीवर लावला. तेवढ्यात माझ्या मनात काहीतरी आलं. एबरहार्टचे सगळे तक्ते माझ्या कपाटात फायलीला लावून ठेवलेले आहेत. आम्ही काही टाकून देत नाही. मी फाइल काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले.

आमच्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी आई गेली. चौथ्या वर्षाचा तक्ता उघडला. आमच्या बिऱ्हाडात एकदा मी, एकदा तो. पण आईच्या दिवसाच्या आसपास जो आठवडा आमच्या वाट्याला येत होता, तिथे क्रम मोडून एबरहार्टचं नाव होतं. पाचव्या वर्षीही तेच, सहाव्याही. मी शेवटच्या तक्त्यापर्यंत पाहत गेले.

तीस वर्षं मला वाटत होतं की नोव्हेंबरात माझं नशीब बरं असतं.