न धुतलेली माळ

"तो माणूस पॅनल पुसतच नसणार. बदला त्याला," काळे सर म्हणाले आणि विषय संपल्यासारखे चहाकडे वळले.

माझ्यासमोर स्क्रीनवर दर्यापूरकडच्या एका गावातला सोलर प्लांट होता. अमरावतीच्या ऑफिसात बसून अशा प्लांटवर नजर ठेवणं हे माझं काम. प्रत्येक साइटवर डेटा लॉगर नावाची छोटी पेटी असते. तिच्यात आपल्या मोबाइलसारखंच सिम असतं आणि ती तिथले आकडे दिवसभर आम्हाला धाडत राहते.

गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. आमच्या सोलरवर गावाचं पाणी गोड करायचं मशीन चालायचं. त्या दुष्काळी वर्षात बोअर आणखी खारट झाली होती, आणि नेमकं तेव्हाच मशीन दुपारीच बंद पडू लागलं. रांगेतल्या शेवटच्या बायका रिकामे कॅन घेऊन परतत होत्या.

"पण सर, तीन नंबरची स्ट्रिंग ठणठणीत आहे," मी म्हटलं. स्ट्रिंग म्हणजे एकाला एक जोडलेल्या पॅनलची माळ. तिथे अशा तीन होत्या. एक आणि दोन नंबरचा करंट रोज थोडा थोडा उतरत होता.

"म्हणजे तेवढीच पुसतो. उद्या जा आणि त्याला सांगून ये."

सरांच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. माणसाची रोजी काढून घ्यायचा निरोप माझ्या गळ्यात पडला. मला मात्र ती तीन नंबरची माळ सोडेना.

बस, मग जीप करून गावात पोचले. प्लांट सांभाळणारे रशीदभाई दारातच उभे होते. आवार चकचकीत, मशीनवर धुळीचा कण नाही.

"पॅनल धुता का?"

"रोज सकाळी, मॅडम. इचारा गावात कोणाले बी."

शिडीने छतावर गेले. एक आणि दोन नंबरची पॅनल धुतलेली. तीन नंबरवर धूळ, वर चिमण्यांची कृपा. सर म्हणाले त्याच्या बरोब्बर उलटं.

"ही का नाही धुतली?"

"पाइप पुरत नाही तिथवर. खोटं कायले बोलू?"

मी चक्रावले. मळकी माळ वीज देते आणि धुतलेली देत नाही? आधी वाटलं, लॉगरच खोटं बोलतोय. तारेला चिमट्यासारखा धरायचा मीटर लावला. आकडे तेच. सावली नाही, जोडण्या घट्ट. शेवटी एक नंबरच्या काचेवर बोट फिरवलं. काच खरखरीत लागली. उन्हाकडे तिरकं पाहिलं तर तिच्यावर पांढुरका थर. बोट जिभेला लावलं. मीठ!

"रशीदभाई, धुता कोणत्या पाण्याने?"

त्यांनी अभिमानाने मला खाली एका ड्रमपाशी नेलं. मशीन पाणी गोड करतं, तेव्हा काढलेला सगळा खार थोड्या पाण्यात उरतो. त्या पाण्याला आम्ही रिजेक्ट म्हणतो. बोअरपेक्षाही खारट.

"फेकूनच द्याचं पाणी. म्हटलं, वाया कायले घालवाचं? पॅनल धुऊन राहिलो त्यानंच."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. पाण्याचा थेंब वाया न घालवणारा हा माणूस, आणि त्याच काटकसरीपायी त्याची रोजी जायची वेळ आली होती. मी सांगितलं, ऊन पाणी उडवतं, मीठ काचेवर राहतं. आता गोड पाणीच लागेल.

"लोकायचं प्याचं पाणी काचेवर ओतू? नाही जमाचं मले."

रांगेतली एक म्हातारी ऐकत होती. "टाक ना बापा एक कॅन. मशीन बंद पडलं तं आमचे सगळेच रिकामे राह्यतीन."

तिने स्वतःचा भरलेला कॅन पुढे सरकवला. रशीदभाईंनी तो घेतला, पण ओतला नाही. फडकं भिजवून, पिळून, एकेक काच पुसत बसले. जिथे थर सुटेना तिथे गावातून आणलेलं व्हिनेगर पातळ करून लावलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही माळा तीन नंबरच्या वर गेल्या. मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. सरांना मी स्क्रीन दाखवली. "मग पुसत होता तर," एवढंच ते म्हणाले. रशीदभाईंचं नाव पुन्हा निघालं नाही.

करंट उतरला की मी आजही साइटवर फोन लावते. पूर्वी विचारायचे, पॅनल धुतलं का? आता विचारते, कशाने धुतलं?