मार्थाबाईंच्या पाच वह्या आणि केजची जीप

आमची शाळा सकाळी साडेआठला स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरते. विद्यार्थिनी एकच, आमची रूथ, वय नऊ. शिक्षिका मी. आम्ही नगरचं ख्रिस्ती कुटुंब. लेकीला घरीच शिकवायचं, दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं करायची, हे आम्ही नवरा-बायकोनं चांगलं वर्षभर विचार करून ठरवलं. नातेवाइकांनी त्यावर काय काय ऐकवलं ते जाऊ द्या. खरी अडचण पुस्तकांची. आमच्यासारख्यांसाठी जे मिळतं ते सगळं परदेशी, इंग्रजीत. त्यातली मुलं अंगणातला बर्फ उकरतात. सप्टेंबरात रूथनं वहीत लिहिलं, "आता झाडांची पानं लाल होऊन गळतात." खिडकीबाहेर आमचा कडुलिंब हिरवागार उभा! मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, बस्स झालं.

घरी शिकवणाऱ्या आयांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथं एकीनं सांगितलं की बीड जिल्ह्यात, नांदूरघाटच्या अलीकडे एका वस्तीवर मार्थाबाई म्हणून जुन्या शिक्षिका आहेत. पहिली ते पाचवी, इयत्तेला एक अशा पाच वह्या त्यांनी स्वतः लिहिल्यात. मराठीत, प्रार्थनेपासून गणितापर्यंत. पण फोटो काढू देत नाहीत, झेरॉक्स तर नाहीच. तिथं बसून हातानं उतरवायचं. मी नवऱ्याला म्हटलं, तीन दिवस लेक तुझी.

गुरुवारी पहाटेच्या एसटीनं निघाले. जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा. जामखेडच्या पुढं खिडकीबाहेर बघवेना. सोयाबीन गुडघ्याएवढं होऊन जागेवरच वाळलेलं, आणि रस्त्यावर आमच्या गाडीपेक्षा टँकर जास्त. मांजरसुंब्याला ढाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली. भाकरी गरम, ठेचा असा की कानातून वाफ. पाण्याचा ग्लास मागितला तर पोऱ्या म्हणाला, "बाटलीच घ्या ताई, जार संपला." मागच्या बाकावर दोन ट्रकवाले जेवत होते.

"औंदा कारखान्याचा बॉयलर पेटतो का न्हाई बे?"

"ऊस कुठं हाय गाळायला? माजलगावचं धरणच तळाला गेलंय. लोक कर्नाटकात चाललेत समदे."

तिथून नांदूरघाटकडं काळीपिवळी जीप मिळते. दहाची जागा, आम्ही सोळा. भाडं पन्नासच्या आत, पण पाठीची हमी नाही. (जाणार असाल तर पिण्याचं पाणी घरून न्या, पाच लिटर तरी. यजमानांच्या हंड्याला हात लावायची वेळ स्वतःवर आणू नका.)

मार्थाबाई ओट्यावरच बसल्या होत्या. आमच्या ख्रिस्ती रीतीनं "सलाम, बाई," म्हटल्यावर हात पुढं करून माझा हात शोधला. काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलीय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचे यजमान सहकारी साखर कारखान्यात होते आणि बाई कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेवर. लागोपाठ दुष्काळ पडले, ऊस संपला, कारखाना बंद पडला आणि त्याच्याबरोबर शाळाही. वस्तीवर आपल्या लोकांची चार घरं होती. बाईंनी त्यांची मुलं ओट्यावर बसवली, आणि पुस्तकं नव्हती म्हणून वह्या लिहिल्या.

"एकदा शहरातून एकजण आले," बाई सांगत होत्या. "फोटो काढले, छापतो म्हणाले. छापलं की हो! पण माझ्या टँकरच्या जागी नदी घातली. नदीत कमळं! तेव्हापासून ठरवलं, ज्याला पाहिजे त्यानं हातानं लिहावं. लिहिणारा माणूस निदान वाचतो तरी."

हे वाक्य लक्षात ठेवा.

बाईंना दिसत नाही, म्हणून वाचायला एस्तेर होती. शेजारच्या शांतवनची मुलगी, पंधरा वर्षांची, याच वह्यांवर वाढलेली. तिनं वाचायचं, मी लिहायचं. आवाज खणखणीत, आणि माझा हात मागं पडला की आपणहून थांबायची. संध्याकाळपर्यंत पहिली वही झाली. पाऊसपाण्यासाठी प्रार्थना, शेळीच्या वजनाची गणितं, पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, सात सुगीच्या आणि सात दुष्काळाच्या वर्षांवरून बेरीज-वजाबाकी. काय सांगू, मला रडूच आलं. हेच तर मी शोधत होते!

रात्रीच्या जेवणाला शांतवन आला. तेव्हा मला एस्तेरचं कळलं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. मुकादमाला पुरा कोयता लागतो, अर्धा नको असतो. एस्तेरच्या आईच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, ती यंदा वाकू शकत नाही. म्हणून शांतवन लेकीलाच घेऊन निघाला होता. ती मोळ्या बांधणार, हा तोडणार. शाळा तिची आठवीतच सुटलेली, दर हंगामाला चार-पाच महिने फडावर जाऊन दुसरं काय होणार! पण बाईंनी तिची घरीच दहावीची तयारी करून घेतली होती, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवायला.

"फॉर्म लागला तर ऱ्हाऊ द्या तिला बाईपाशी," शांतवन म्हणाला. "मी भावाच्या पोराला घेतो संगं. पर मला त्यातलं काय कळत न्हाई, ताई. आन् न्हाई लागला तर हितं ठिवून काय करू? प्यायला पाणी न्हाई."

मी म्हटलं, फॉर्म माझ्याकडं लागला. टेकाडावर नेटची रेंज येते, तिथं जाऊन त्याच रात्री मोबाइलवर भरला पण. राहिलं एवढंच, की मूळ कागद शनिवारी एकच्या आत केजच्या शाळेत द्यायचे. विलंब शुल्काचीसुद्धा तीच शेवटची तारीख. बाई म्हणाल्या, "उद्याच जाऊन ये गं." मी म्हटलं, "शनिवारी निघतेच आहे ना, केजवरून जाते. एका फेरीत काम." शुक्रवारचा अख्खा दिवस मला वह्यांसाठी हवा होता. खरं सांगायचं तर एवढंच.

शुक्रवारी तीन वह्या झाल्या, पाचवीही बरीचशी उतरली. टँकर आला तेव्हा अख्खी वस्ती हंडे घेऊन धावली, एस्तेरही. परत आली ती ओल्या परकरानंच वाचायला बसली. मी विचारलं, परीक्षेची भीती वाटते का? म्हणाली, "परीक्षेची न्हाई. थंडीची वाटते. फडावर पहाटं उसाचं पाचाट लई ओलं असतं, हात कापतेत." मी "हो का," म्हणाले आणि पान उलटलं.

शनिवारी सात वाजताच शांतवननं कागदांची पिशवी आणून दिली. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. "तुमच्यावर सोडलंय, ताई," म्हणाला आणि मोटारसायकलवर कॅन लटकावून पाण्याला गेला. वस्तीवरची दुसरी मोटारसायकल आधीच गेलेली. केजची जीप साडेनऊला फाट्यावर येते, दोन मिनिटं थांबते. पाचव्या वहीची थोडी पानं राहिली होती. बाई काठीनं चाचपत टँकरच्या रांगेत नंबर धरायला गेल्या, आणि आम्ही दोघी बसलो. हात भरून आला होता, पण लय लागली होती. एस्तेर वाचत होती, मी लिहीत होते.

शेवटचा शब्द लिहून मान वर केली तर दहाला दहा कमी. फाट्यावर धूळसुद्धा खाली बसलेली.

"अगं, जीप?"

"गेली, ताई."

"गेली? आणि तू सांगायचं नाही? तोंड शिवलं होतं का तुझं?" मी चांगली ओरडले तिच्यावर. तिनं वही मिटली, परकरानं पुसून बाईंच्या ट्रंकेत ठेवली, आणि म्हणाली, "दुसरी येईल."

दुसरी बाराला आली. केजला शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा पावणेदोन. कुलूप. शिपाई सायकलला टांग मारत होता. मी अक्षरशः त्याच्या हाता-पाया पडले. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, साहेब यादी लावून एक वाजताच बीडला गेले. आता माझ्या हातात काय हाय?"

परत वस्तीवर जाऊन तोंड दाखवायचं धाडस मला झालं नाही. कागदांची पिशवी परतीच्या जीपवाल्याकडं दिली, बाईंना फोन केला आणि नगरची गाडी धरली. फोनवर बाई एवढंच म्हणाल्या, "वह्या नीट नेल्यास ना?"

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. ग्रुपवरही सांगितलं. दर वेळी त्यात एक वाक्य असायचंच: पोरगी जवळ बसलेली, पण जीप आल्याचं बोलली नाही हो. मला स्वतःला ते पटलंही होतं. दोन आठवड्यांनी बाईंना फोन लावला. मंगळवारी ट्रक आला, एस्तेर गेली. बापाबरोबर, कर्नाटकात. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की भरू. बाईंनी रूथची चौकशी केली.

वह्या उत्तम आहेत. रूथ आता शेळीचं वजन करते, लाल पानांचं नाव काढत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणी मागत होत्या, म्हणून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, टाइप करून दे, फक्त माझा टँकर काढू नकोस. परवा पाचवी वही घेतली. रूथ वाचून दाखवायची, मी टाइप करायची. शेवटच्या दोन पानांवर आलो. रूथ वाचत होती, मी बोटं चालवत होते, आणि ती मध्येच अडली.

"आई, हे काय लिहिलंयस? गणितात जीप कशी आली?"

मी वही ओढून घेतली. माझंच अक्षर, एका लयीत, कुठं खाडाखोड नाही, पेन उचलल्याची खूण नाही.

"टँकर गळका आहे. वाटेत पाण्याचा आठवा भाग सांडतो. ताई जीप आली. ताई, जीप. तर वस्तीवर किती लिटर पाणी पोचेल?"