घासलेली वजनं

आमच्या घरात पितळ म्हणजे घासायची वस्तू. आई चिंचेच्या कोळात राख कालवायची आणि तांब्या, समई, घंटी अशी घासायची की त्यात तोंड दिसावं. माझ्या टेबलावरचं पितळ मात्र घासायचं नसतं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मी वाशीमच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. आमच्या जिल्ह्यातल्याच मालेगावच्या घरी मागच्या खोलीत माझा लहानसा लेथ आहे. जुन्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू, होकायंत्राची सुई, असे आता कुठेच विकत न मिळणारे भाग मी सुटीच्या दिवशी तिथे बनवतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीही झालं नव्हतं. किन्हीराजाच्या शिवारात लोकांचं सोयाबीन सोंगून आईनं मला शिकवलं. तिनं मला ज्या शाळेत घातलं, त्याच शाळेचा काचेच्या पेटीतला जुना तराजू एका पारड्याची कडी तुटली म्हणून माझ्याकडे आला. सोबत पितळी वजनांची लाकडी पेटी होती. ही वजनं चिमट्यानंच उचलायची, बोटाचा घामही तराजूला कळतो, असं आमच्या सरांनी नववीत सांगितलं होतं. त्या तराजूनंच मला या कामाची गोडी लावली. त्याची कडी माझ्या हातून होणार, याचा मला फार आनंद होता.

कडी तयार झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारी कॉलेजातून घरी आलो, तर ओसरीवर सुपात सगळी वजनं उन्हात वाळत घातलेली.

"पाय बरं, कशी चमकून राह्यली! सोन्यावानी," आई म्हणाली. तिची बोटं अजून चिंचेनं काळी होती.

"आई, हे काय केलं तू?"

"काळी पडली होती ना बाप्पा. शाळेत अशी नेशील काय?"

"घासल्यानं वजन कमी झालं त्याईचं!"

तिनं एक वजन तळहातावर घेऊन जोखलं. "मले त तेवढंच लागून राह्यलं."

"तुले काय समजते त्यातलं? खराब केलं सारं."

तिनं ते वजन सुपात परत ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मंग आता नीट नाही होत काय?"

"नाही होत," मी म्हणालो.

ते खोटं होतं. अशा वजनाची मूठ फिरवली की उघडते. आत इवलीशी पोकळी असते. तिच्यात बारीक तारेचा तुकडा टाकून झीज भरून काढता येते. हे मला त्या क्षणीही माहीत होतं. रागात मी तिला ते सांगितलं नाही, एवढंच.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या काट्यावर एकेक वजन तपासलं. सगळ्यात मोठं वीसेक मिलिग्रॅमनं कमी भरलं. तार कापून आत टाकली, मूठ बसवली. एका दुपारचं काम होतं. तराजू शाळेत पोचवून आलो तेव्हा आई दारातच होती.

"घेतलं काय त्याईनं?"

"घेतलं."

"मानसं चांगली हायेत बापा," ती म्हणाली. "खराब झालेलं बी घेतलं."

मी बूट काढत होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे त्या दिवशीचा माझा राग फुकटचा होता, हेही सांगावं लागलं असतं. मी हात धुवायला गेलो.

त्यानंतर ती माझ्या खोलीत पाय ठेवत नसे. चहा उंबऱ्यावर ठेवून हाक मारायची. शेजारच्या काकूंना म्हणाली, "माह्या हातानं शाळेचे मापं बिघडले बाई." काकू हसल्या, "घासून मापं हलके होतेत त दुकानदार रोजच घासत असतीन!" आई हसली नाही. दिवाळीलाही तिनं देवाचं पितळ माझ्या बायकोकडून घासून घेतलं. मी पाहत होतो. सांगू एखाद्या रविवारी, असं म्हणत राहिलो.

थंडीत तिला ताप आला. छातीत कफ भरला आणि चौथ्या दिवशी ती गेली.

दिवस झाल्यावर तिचा तांब्या माझ्याकडे आला. तिच्या लग्नातला, काठाशी पातळ होत गेलेला. वजनांच्या त्या दिवसापासून तिनं तो घासलाच नसल्यानं काळपटला होता. मी तो खोलीतल्या साध्या काट्यावर ठेवला. आकडा आला. पण तिच्या हातांनी त्यातलं किती झिजलं, ते काढता येईना. नवा होता तेव्हा तो किती भरला होता, हे सांगेल असं घरात कोणी उरलं नव्हतं.

बायकोनं चिंच भिजवली होती. मी तिला नको म्हणालो. तांब्या तसाच टेबलावर ठेवला, आणि खोलीचं दार उघडं ठेवून कामाला बसलो.